बाकड्याकडचा स्क्रीन

आष्टीच्या बाजारतळाच्या वरच्या अंगाला प्रभावतीचं ऑनलाइन सेंटर आहे. दहा बाय बाराची खोली, एक पंखा, एक कम्प्युटर, आणि स्क्रीन मात्र दोन. एक तिच्या तोंडासमोर. दुसरा गिऱ्हाइकांच्या बाकड्याकडं तोंड करून. जे इकडं उमटतं तेच तिकडं उमटतं. नवीन माणूस आला की हसतो, बाई, हे काय थेटर काढलं का म्हणतो. हसू द्या. तो स्क्रीन हौसेनं आलेला नाही, आणि त्या बाईची यंदा झोप उडाली ती त्याच्याचपायी, म्हणून आधी तो कसा आला ते ऐका.

प्रभावतीचे वडील अण्णासाहेब मोंढ्यात हमाली करायचे. पोरगी बारावी पास झाली तेव्हा पेढे परवडेनात म्हणून त्यांनी वस्तीत गूळ वाटला. पुढं साक्षरतेचे वर्ग निघाले, तर अठरा वर्षांची ही पोर कंदील घेऊन गावातल्या बायांना अआइई शिकवायला जायची. कुणी ओट्यावर बसू दिलं, कुणी दिलं नाही. मग परतूरला जाऊन टायपिंग शिकली, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. लग्न झालं ते साहेबरावशी. शाळेत शिपाई होता, भला माणूस, तीन वर्षांखाली वारला. तो असतानाच तिनं हे सेंटर टाकलं.

पहिल्याच वर्षी एका बागायतदारानं भर बाजारात आरोळी ठोकली, हिनं माझा फॉर्म भरलाच नाही. तिनं पावती दाखवली. तो म्हणाला, कागद काय, कुणीही छापतं. त्याचं भांडण खरं पावतीशी नव्हतंच, खुर्चीत कोण बसलंय याच्याशी होतं, आणि ते ती बराबर ओळखून होती. उलटून बोलली नाही. जालन्याला गेली, भंगारवाल्याकडून एक वापरलेला स्क्रीन मांडीवर घेऊन एस.टी.नं आली आणि बाकड्यासमोर मांडला. सगळा कम्प्युटर मराठीत करून टाकला. आता बघा म्हणाली, माझ्या हाताखाली काय चाललंय ते.

त्या दिवसापासून तिच्यावर बोट उठलं नाही. उलट झालं असं, की प्रभावतीच्या स्क्रीनवर आलं म्हणजे ते पक्कं, असं गावच धरून चाललं. पीकविमा असो, घरकुल असो, बायांचे दीड हजार असोत, शेवटी सगळं दोन शब्दांवर येतं. पात्र आणि अपात्र. आपल्याकडं आता अडाण्यातल्या अडाण्यालाही हे दोन शब्द कळतात, दुसरं काही वाचता येवो न येवो. हिरव्यात पात्र आलं की बाकड्यावर बोलणं सुरू व्हायचं. लाल अक्षरात अपात्र आलं की माणूस गुपचूप उठायचा, चप्पल पायात सरकवायचा आणि जायचा. आणि प्रभावती त्याला हाक मारायची नाही. चारचौघांत ज्याची मान खाली गेली त्याला नावानं हाक मारून आणखी लाजवायचं नाही, हा तिचा नेम होता. चांगला नेम होता हो. कुणीही चांगलाच म्हणेल.

आता झुंबरबाई. चौऱ्याहत्तर वर्षांची, परतूर रोडला गावाबाहेरच्या शेवटच्या घरात एकटी राहते. पोरगा राधेश्याम जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहे, तिकडंच खोली करून राहतो. पोरगी वंदना जांब समर्थला दिलेली. म्हातारीला निराधारचा पगार. सरकारी भाषेत अनुदान म्हणतात, पण गावात त्याला पगारच म्हणतात. त्यात तिचं तेलमीठ निघतं आणि दम्याचा पंप येतो. पंप संपला की तिचा श्वास रस्त्यावर ऐकू येतो. पोराला मागायचं नाही असं तिनं ठरवून टाकलेलं, आणि तिनं एकदा ठरवलं की ठरवलं.

अक्षरं ती चाळिशीत शिकली, तीही याच प्रभावतीकडं. त्यामुळं वयानं चोवीस वर्षं धाकट्या प्रभावतीला ती बाई म्हणते आणि तू करते. शिकल्यापासून तिला वाचायचा नादच लागला. एस.टी.ची पाटी, औषधाचं खोकं, भिंतीवरची जाहिरात, दिसेल ते ओठ हलवून वाचणार. आताशा बारीक अक्षर तिला दिसत नाही, पण मोठं अक्षर ती सोडत नाही.

तर यंदा फर्मान निघालं. पगार घेणारा माणूस जिता आहे की मेला हे त्यानं स्वतः येऊन अंगठ्याच्या मशीनवर सांगायचं. एकतीस ऑक्टोबरच्या आत ज्याचा अंगठा उमटणार नाही, त्याचं नाव यादीतून उडालं. आपण हयात आहोत हे माणसाच्या तोंडाला विचारून कळत नाही, मशीनलाच कळतं, असा जमाना आहे. प्रभावतीकडं असे त्रेसष्ट जण होते. तिनं त्रेसष्ट नावं लिहिलेला कागद भिंतीला चिकटवला आणि दसऱ्यानंतर एकेकाला बोलवायचं ठरवलं.

आणि दसरा झाला तसं मशीन बंद पडलं. म्हणजे मशीनमध्ये दिवा लागायचा, अंगठा ठेवला की लखलखायचंही, पण कम्प्युटर त्याला ओळख देईना. तिनं मशीनवाल्यांना फोन लावला. चौथ्या खेपेला लागला. तिकडची मुलगी म्हणाली, मॅडम, मशीनचं नवीन सॉफ्टवेअर आलंय, ते जुन्या विंडोजवर बसत नाही, तुम्ही विंडोज बदला. कोपऱ्यात तर महिनाभरापासून सूचना येऊनच राह्यली होती, की या विंडोजची मुदत चौदा ऑक्टोबरला संपते. प्रभावती रोज ती बाजूला सारायची. सहा वर्षांचा कम्प्युटर, चालतोय तवर चालतोय, असं तिचं म्हणणं. आता मात्र ती हिशोब मांडत बसली. नवा कम्प्युटर घ्यायचा तर तो दिवाळीच्या गर्दीत कधी मिळणार, कधी बसवणार, आणि तवर एकतीस तारीख उलटून गेली तर त्रेसष्ट जिती माणसं कागदावर मरणार. तिला त्या कागदाकडं बघवेना.

बाजारचा दिवस होता. सकाळी सकाळी झुंबरबाई आली, कारण गर्दीच्या आधी आपलं उरकावं असा तिचा हिशोब. भिंतीला टेकून आधी श्वास घेतला, मग बाकड्यावर बसली. आधार कार्ड पुढं केलं. प्रभावतीनं सवयीनं नंबर टाकला, अंगठा लावायला सांगितला. मशीन लखलखलं आणि गप झालं. दोनदा, तीनदा. म्हातारीनं अंगठा पदराला पुसून पुसून लावला, आपल्याच बोटाचा दोष आहे असं समजून. आयुष्यभर कापूस वेचून तिच्या बोटावर रेषा राहिल्यात कुठं.

"थांबा मावशी," प्रभावती म्हणाली, "आत्ता बघते, होतंय का न्हाई ते."

तिच्या मनात होता कम्प्युटर. हा डबा नव्या विंडोजला चालतो का ते सांगणारं एक छोटं ॲप तिनं आदल्या दिवशी उतरवून ठेवलं होतं, पण उघडायची छाती झाली नव्हती. नाही म्हणालं तर काय करायचं, या भीतीनं. डॉक्टरकडं रिपोर्ट आणायला जावं तशी ती दिवसभर त्याच्याकडं बघून तोंड फिरवत होती. आता म्हातारीचा घरघरता श्वास कानाशी ऐकला आणि तिनं दाबलंच. चाक फिरलं. ती स्वतःच्या स्क्रीनला डोळे लावून बसली. बाकड्याकडचा स्क्रीनही तेच दाखवतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. अकरा वर्षं तो तिथं होता, म्हणूनच आलं नाही.

लाल चौकट आली. वर बारीक अक्षरात, हा कम्प्युटर नव्या विंडोजसाठी, आणि खाली ठळक, मोठ्या अक्षरात, अपात्र.

प्रभावती पुढं वाकली. तिनं खालचं कारण वाचलं. सुरक्षेची कुठलीशी चिप सापडत नाही म्हणे. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा दाबलं. मग परतूरच्या रामप्रसाद मेकॅनिकला फोन लावून, भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात बोलत राहिली. वळून बघते तर बाकडं रिकामं. आधार कार्ड नव्हतं, पिशवी नव्हती. म्हातारी चहाला गेली असेल, येईल, असं तिनं धरलं. खरं तर एवढी वर्षं तिनं माणसं अशीच उठून जाताना पाहिली होती. पण तिचं डोकं ठिकाणावर होतं कुठं?

रामप्रसादनं डबा घेऊन या म्हटलं. तिनं शटर ओढलं, कम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत बांधला आणि दुपारच्या गाडीनं परतूर गाठलं. त्या माणसानं काळ्या स्क्रीनवरच्या इंग्रजी याद्या खालीवर केल्या, एका ओळीवर थांबला, आणि हसला. चिप होती. आतच होती. कंपनीतून आली तेव्हापासून बंद होती, कुणी चालू केली नव्हती. त्यानं एक बटण दाबलं, डबा पुन्हा सुरू केला, तेच ॲप उघडलं. हिरवं आलं. पात्र.

प्रभावतीला तिथंच रडू फुटलं. रामप्रसादला वाटलं पैशाचं असेल, तर तो घाईघाईनं म्हणाला, बाई, ह्याचा काही खर्चा न्हाई. संध्याकाळपर्यंत नवं विंडोज चढलं. दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये मशीन जोडलं, तिनं आधी स्वतःचा अंगठा ठेवला, आणि टिंग वाजलं. तिनं भिंतीवरच्या कागदाला हात जोडले म्हणतात. असेलही.

मग रीघ लागली. दिवाळीत सुद्धा तिनं शटर उघडं ठेवलं. काठी टेकत आलेले, टेम्पोत घालून आणलेले, एक काकासाहेब तर खाटेवरून. ज्याचा अंगठा उमटला त्याच्या नावापुढं टिक. पंचवीस तारखेला साठ झाले, सत्तावीसला बासष्ट. एकच नाव उरलं, झुंबरबाई.

प्रभावतीला आधी राग आला. सगळ्यांत आधी आली होती आणि आता पत्ता नाही. फोन म्हातारीकडं नव्हताच. परतूर रोडच्या बेबीनंदाच्या हातून निरोप धाडला, की मशीन चालू झालंय, जल्दी या. दुसऱ्या दिवशी बेबीनंदा बाजाराला जाताजाता दारातूनच सांगून गेली. "म्हातारी म्हणली, बाईला सांग, माझं झालं."

माझं झालं. आता या दोन शब्दांचा कुणी काय अर्थ घेईल? प्रभावतीनं घेतला तोच तुम्हीआम्ही घेतला असता. दिवाळीला राधेश्याम आला असेल, मोटरसायकलवर बसवून जालन्याला नेली असेल, तिकडंच अंगठा लावला असेल. झालं म्हणते म्हणजे झालं. तरीही तिच्या मनात कुठंतरी टोचलं. वेबसाइटवर जाऊन बघावं म्हणून तिनं तीनदा उघडली, शेवटच्या दिवसांची झुंबड, पान उघडता उघडेना. चौथ्यांदा बघायचं तिनं सोडून दिलं. सगळ्या गावाला तोंडी सांगितलेलं धरू नका, स्क्रीनवर बघा, असं शिकवणारी बाई, त्या एका वेळेला तिनं तोंडी निरोप धरला. नावापुढं टिक केली. पण ती टिक तिनं पेन्सिलीनं केली, बाकीच्या बासष्ट पेनानं होत्या.

एकतीस तारीख गेली. नोव्हेंबर लागला, थंडी पडायला लागली. पेन्सिलीची ती टिक प्रभावतीला दिवसातून चारदा दिसायची. बाकड्यावर कुणी खोकलं की ती दचकून वर बघायची. एकदा वाटलं जाऊन यावं. मग दाखल्यांची गर्दी, मग गुडघेदुखी, मग उद्या. खरं सांगायचं तर तिला जायचं भेव वाटत होतं, आणि कशाचं ते तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

बारा तारखेला यादी लागली. तिनं बाकड्याकडचा स्क्रीन बंद केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग यादी खाली सरकवत गेली. बासष्ट हिरवी. त्रेसष्टावं लाल. कारण, हयात पडताळणी झाली नाही.

ती तशीच उठली. शटरसुद्धा पूर्ण ओढलं नाही.

झुंबरबाई अंगणात उन्हाला खाट टाकून बसली होती. श्वास फाटकापासूनच ऐकू येत होता. महिन्यात ती निम्मी झाली होती, गळ्याचे खड्डे दर श्वासाला आत ओढले जात होते. प्रभावतीला बघून तिनं सरकून खाटेवर जागा केली. पाणी द्यायला उठायला लागली तर हिनं हात धरून बसवलं. हात गार होता.

राधेश्याम आल्ता का म्हणून विचारलं, तर आला नव्हता. कारखान्यात दिवाळीला सुट्टीच दिली नाही. जालन्याला गेलात का, तर नाही. मग अंगठा कुठं लावला?

"अंगठा कामून लावायचा?" म्हातारी म्हणाली. एक एक शब्द श्वास घेऊन बोलत होती. "तू दाखवलं की मला. लाल आलं. तीनदा आलं. मी वाचलं की. म्हणलं, माझं झालं आता."

म्हातारी सांगत राहिली. त्या दिवशी तू भिंतीकडं तोंड करून रडल्यासारखं बोलून राह्यली होतीस, मला कळलं, बाईला माझ्यासाठी वाईट वाटून राह्यलं. म्हणून उगं उठले. तू हाक न्हाई मारली, तेबी बरंच केलं, बाहेर बाजाराला आलेले लोकं होते. कुणालाच सांगितलं न्हाई. पोराला तर बिलकुल न्हाई. असं ती सांगत होती, आणि तिच्या आवाजात तक्रार कणभर नव्हती, हेच प्रभावतीला सहन होईना.

पंप कुठंय म्हणून तिनं विचारलं. झुंबरबाईनं उशाखालून काढला. प्रभावतीनं हलवून बघितला, रिकामा होता. कधीपासून? दिवाळीच्या आधीपासून. पगार बंद झाला असं धरून तिनं नवा आणलाच नव्हता. तरी तोंडाला लावते, म्हणे, सवयीनं, जरा बरं वाटतं. प्रभावती उठली, आत्ता दुकानातून घेऊन येते म्हणाली, तर म्हातारीनं तिचा पदर धरला. पोराला मागितला न्हाई, तुला मागू? मग प्रभावतीला बसावं लागलं. पंप ती आणणारच होती, मागो न मागो. पण आधी जे बोलायचं होतं ते बोलल्याशिवाय तिला तिथून हलता येईना.

नवा अर्ज करायचा, तर पहिल्यापासून. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याची चौकशी, मग बैठक. किती महिने, ते प्रभावतीला पाठ होतं, आणि त्या खाटेवर बसलेल्या बाईकडं बघून तो आकडा तिच्या तोंडून बाहेर येईना. खोटं बोलणं सोपं होतं. सरकारची चूक झाली म्हणता आलं असतं, म्हातारीनं मान हलवली असती. सगळ्या गावानं हलवली असती.

"मावशी," ती म्हणाली, "ते तुमचं नव्हतं. तुमचं त्या दिवशी मी बघितलंच न्हाई. कम्प्युटर चालतो का ते बघून राह्यले होते. अपात्र तुम्ही न्हाई, कम्प्युटर आल्ता. तुम्ही पात्र होता. परत आल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी झालं असतं. मी हाक मारायला पाहिजे होती. मी न्हाई मारली."

झुंबरबाईनं तिच्याकडं बघितलं. ओठ हलत होते, जसे काही वाचताना हलतात. रस्त्यावरून कापसानं भरलेला टेम्पो गेला, धूळ अंगणापर्यंत आली, तशी म्हातारी खोकायला लागली. खोकला थांबता थांबेना. प्रभावती तिची पाठ चोळत राहिली. पदराखालच्या बरगड्या बोटाला लागत होत्या. शेवटी खोकला ओसरला. झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग," तिनं विचारलं, "कम्प्युटर झाला का पात्र?"

विचारताना तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"झाला," प्रभावती म्हणाली.

"बरं झालं बाई," झुंबरबाई म्हणाली. "गावाचा लई खोळंबा झाला असता."